पावसाळ्यात मोटरहोमचा मागचा कॅमेरा बंद पडतो: नवा घेण्याआधी हे तपासा

पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले की भांडुपच्या माझ्या गाळ्यासमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहायला लागतात. कुणी व्हॅनचं कॅम्पर करून घेतलेलं असतं, कुणी मिनीबसच्या चेसिसवर फायबरची बॉडी बांधून आत घर थाटलेलं असतं. मालक उतरता उतरता सांगतो, "दादा, मागचा कॅमेरा गेला. नवा टाकून द्या." काही जण तर नवा कॅमेरा सोबत घेऊनच येतात. मी आधी जुना सोडवून वेगळ्या बॅटरीवर लावून बघतो, आणि बहुतेक वेळा तो व्यवस्थित चालतो. गेलेला असतो जॉइंट, नाहीतर वायर, नाहीतर अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी. त्याच खराब जॉइंटवर नवा कॅमेरा जोडला, तर तो गणपतीपर्यंत कसाबसा चालतो आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते.

हा बिघाड इतक्यांदा काढलाय की तपासायचा क्रम हाताला बसलाय. तोच इथे देतोय, म्हणजे निदान सोप्या गोष्टी तुम्ही घरच्या घरी बघू शकाल. मोटरहोमला कॅमेरा शोभेसाठी नसतो. आतल्या आरशात मागची कपाटं आणि बिछाना दिसतो, रस्ता दिसत नाही. एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारून "येऊ दे, येऊ दे" करतो. तुमच्या गाडीत तो माणूस नसेल, तर त्याचं काम कॅमेऱ्याला करायचं असतं. सोसायटीच्या आवारात मुलं खेळत असतात, म्हणून चित्र आलं-गेलं चालून जाईल असं मला कधीच वाटत नाही.

लक्षणं कोणती आणि ती काय सांगतात

आधी स्क्रीनकडे नीट बघा. "कॅमेरा चालत नाही" या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळे बिघाड लपलेले असतात.

रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन बदललीच नाही, गाणी किंवा नकाशा तसाच राहिला, तर रिव्हर्स पडल्याची खबर स्क्रीनपर्यंत पोचलेली नाही. ही खबर एका बारीक वायरीनं जाते. आम्ही तिला ट्रिगर म्हणतो. याउलट स्क्रीन निळी किंवा काळी झाली आणि "नो सिग्नल" असं आलं, तर ट्रिगर पोचलाय पण चित्र पोचत नाही. या दोन तक्रारींचा रस्ताच वेगळा आहे, म्हणून फोन करणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो.

चित्र येतं, पण काळं-पांढरं आणि वरून खाली सरकत राहतं: बहुधा सेटिंग चुकलंय. खड्ड्यात गाडी आपटली की चित्र जातं आणि परत येतं: कुठेतरी वायर तुटत आलीय किंवा जोड सैल आहे. इंजिन बंद असताना चित्र स्वच्छ आणि चालू केल्यावर आडव्या पट्ट्या धावतात: अर्थिंग, नाहीतर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) उपद्रव. चित्र धुरकट, सकाळी जास्त आणि उन्हात उभी केल्यावर कमी: भिंगाच्या आत पाणी शिरलंय. दिवसा ठीक पण रात्री सगळं पांढुरकं: भिंगावर मळ आहे, किंवा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड समोरच्या कशावर तरी आपटून परत येतोय.

तपासणी सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मग रिव्हर्स टाका. गाडीच्या मागे कुणी उभं राहून काम करत असेल, तर चावी ऑन ठेवायची गरज नाही तेवढा वेळ ती त्याच्या खिशात असू द्या आणि इंजिन चालू करायची गरज पडेल तेव्हा त्याला आधी बाजूला घ्या. चालकाच्या सीटवर बसलेल्या मुलानं सहज स्टार्टर मारला तर काय होईल, एवढं डोळ्यांसमोर आणा.

पहिलं: पुसा

खर्च शून्य. ओल्या मऊ कापडानं भिंग पुसा, मग कोरड्या कापडानं. मुंबईत नुसता चिखल नसतो. समुद्राच्या हवेचा खारट थर बसतो, तो कोरड्या कापडानं पुसला तर फासला जातो. अलिबाग-मुरुडकडून आलेल्या गाड्यांवर हा थर बोटाला लागतो. रात्रीच्या पांढुरक्या चित्राच्या किती तरी तक्रारी एवढ्यावर मिटल्या आहेत. भिंगाभोवती दिव्यांचं कडं असेल तर तेही पुसा. कॅमेरा काचेच्या आत बसवला असेल तर मात्र पुसून भागणार नाही, कारण इन्फ्रारेड उजेड काचेवरून परत भिंगात येतो. तो कॅमेरा बाहेरच घ्यावा लागतो. सायकलचा रॅक, शिडी किंवा स्टेपनीचं कव्हर समोर आलंय का, तेही बघून घ्या.

दुसरं: स्क्रीनचं सेटिंग

बॅटरी काढून परत लावली, की बऱ्याच स्क्रीन आपलं सेटिंग विसरतात. मेनूत कॅमेऱ्याचा प्रकार शोधा: साधा अॅनालॉग असेल तर पाल की एनटीएससी (चित्र पाठवायच्या दोन पद्धती), एएचडी म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा असेल तर ७२० की १०८०, आणि सेकंदाला २५ चौकटी की ३०. कॅमेरा जे पाठवतो आणि स्क्रीन जे समजून घेते, ते जुळलं नाही तर चित्र सरकतं, रंग उडतात किंवा काहीच दिसत नाही. एकेक पर्याय निवडून पाच सेकंद थांबा. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे न बघता लोक पॅनल उघडून बसतात.

तिसरं: रिव्हर्स लाईट आणि फ्यूज

मागे एकाला उभं करून विचारा, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो का? बहुतेक गाड्यांत कॅमेऱ्याचा करंट आणि ट्रिगर या दिव्यावरूनच घेतलेले असतात. दिवाच लागत नसेल तर कॅमेऱ्याचा काही दोष नाही. आधी फ्यूज बघा, मग गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. तो खाली असल्यामुळे साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर त्याच्या सॉकेटमध्ये पाणी जातं.

फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. एकदा लावून चालला तर ठीक. लगेच परत उडाला तर थांबा. मोठा फ्यूज लावू नका, त्या जागी वायरीचा तुकडा तर मुळीच लावू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी पॉझिटिव्ह वायर पत्र्याला टेकलीय, आणि तुमच्या गाडीत त्या पत्र्याच्या आत प्लायवूड, फोम आणि गॅसची शेगडी आहे.

चौथं: जॉइंट

मुंबईतला हा खरा रोग, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

मागच्या बंपरपाशी किंवा नंबरप्लेटच्या आत कॅमेऱ्याची छोटी वायर गाडीच्या लांब वायरीला जोडलेली असते. बसवणाऱ्यानं घाईत दोन्ही वायरी सोलून पिळ मारलेला असतो आणि वरून काळी टेप. मे महिन्याच्या उकाड्यात त्या टेपचा गोंद वितळतो, कडा सुटतात. जूनमध्ये चाकांनी उडवलेलं पाणी आत जातं. नुसतं जॉइंटपाशी थांबतही नाही. बारीक तारांच्या मधल्या फटींतून ते वातीत तेल चढावं तसं वायरीच्या आत चढत जातं. तांबं आधी काळं पडतं, मग त्यावर हिरवा चढ येतो. आम्ही म्हणतो, कार्बन धरलाय. दिव्याला जास्त करंट लागतो, तरी त्याचा जॉइंट जाड असल्यानं तो कसाबसा पेटतो. पण कॅमेऱ्याच्या बारीक वायरीत करंट अडतो. आणि हे पाणी वायरीच्या आतून पुढे कॅमेऱ्याच्या पोटात जातं. भिंग पुढून अगदी बंद असूनही आत वाफ धरते ती अनेकदा अशी, मागच्या दारानं.

टेप काढा. तांबं काळं-हिरवं असेल तर मागे मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. कधी दोन इंच, कधी वीतभर कापावं लागतं. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिंपही (धातूच्या नळीत दाबून केलेला जोड) टिकत नाही, म्हणून इथे आळस करू नका. लांबी कमी पडली तर जोड-वायर घाला. पिळ मारण्याऐवजी क्रिंप करा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आला, म्हणजे जॉइंट बंद झाला. साधी हीटश्रिंक फक्त आवळते, पाणी अडवत नाही. घेताना गोंदवाली मागा. लॅमिंग्टन रोडला किंवा लोहार चाळीत सहज मिळते.

व्हिडिओ केबलच्या पिवळ्या आरसीए पिनांचे जोड असतील तर त्या ओढून बघा, सँडपेपरच्या बारीक तुकड्यानं घासा, बोटावर येईल एवढं डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं, करंट न वाहू देणारं) लावा आणि वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. शेवटी वायर अशी बांधा, की जॉइंटच्या आधी ती खाली झोळ घेऊन मग वर जाईल. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, जॉइंटपर्यंत जात नाही. एवढ्या एका झोळानं दोन पावसाळे वाचतात, हे मी माझ्याच कामात पाहिलंय.

पाचवं: मागच्या दाराचं रबर

कॅमेरा मागच्या दारावर असेल तर बॉडीकडून दाराकडे जाणारी वायर एका रबरी नळीतून जाते. दार रोज उघडतं-मिटतं आणि वायर त्याच जागी वाकत राहते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतल्या तारा तुटलेल्या असतात. स्क्रीन चालू ठेवून दार हळूहळू उघडा-मिटा, रबर हातानं हलवा. चित्र फडफडलं तर जागा सापडली. इथे जॉइंट मारू नका. वाकणाऱ्या जागी कुठलाच जॉइंट टिकत नाही. वाकण्याच्या दोन्ही बाजूंना पुरेसं अंतर ठेवून मधला तुकडा नव्या मऊ, बारीक तारांच्या वायरीनं बदला. व्हिडिओची वायर मात्र मधूनच तोडून जोडू नका, अख्खी बदला.

सहावं: कॅमेरा की केबल?

आता खिशातून थोडा खर्च. यूपीएसमध्ये असते तशी बारा व्होल्टची छोटी बॅटरी, दोन क्लिपा, एक अँपिअरचा इनलाइन फ्यूज आणि मीटरभर लांबीची व्हिडिओ केबल. कॅमेरा सोडवून पुढे आणा, या बॅटरीवर चालवा आणि छोट्या केबलनं थेट स्क्रीनला लावा. ट्रिगरसाठी गाडी रिव्हर्समध्ये हवीच.

चित्र स्वच्छ आलं तर कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही निर्दोष. दोष गाडीच्या लांब वायरीत, करंटमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. चित्र आलंच नाही तर दुसरा एखादा चालू कॅमेरा त्याच जागी लावून बघा. तो चालला तर तुमचा कॅमेरा खरोखर गेला. नवा कॅमेरा घ्यायचा निर्णय या चाचणीआधी करू नका. माझ्याकडे येणाऱ्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे हीच एक चाचणी वाचवते.

सातवं: चालू दिव्यावर व्होल्ट मोजा

मल्टिमीटर लागेल. कॅमेऱ्याच्या टोकाला, रिव्हर्स लाईट पेटलेली असताना, लाल आणि काळ्या वायरीमध्ये व्होल्ट मोजा. कॅमेरा जोडलेलाच ठेवा. वायर मोकळी करून मोजलं तर खराब वायरही पूर्ण बारा व्होल्ट दाखवते आणि फसवते.

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट असतात. कॅमेऱ्यापाशी ११ च्याही खाली दिसत असतील तर व्होल्ट वाटेतच पडतायत. का, त्याचा हिशेब साधा आहे. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०३६ ओहम. पुढून मागे १० मीटर, परतीचे १० मीटर, म्हणजे ०.७ ओहमच्या आसपास. एकट्या कॅमेऱ्याला १५० मिलिअँपिअर धरले तर वाटेत जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो, कुणाला कळतही नाही. पण बॉडी बांधणाऱ्यानं त्याच बारीक वायरीवर २१ वॅटचे दोन रिव्हर्स बल्बही दिले असतील, तर करंट साडेतीन अँपिअर होतो आणि अडीच व्होल्ट वाटेतच जातात. कॅमेऱ्याला उरतात दहा. मग तो कधी लागतो, कधी लागत नाही.

उपाय म्हणजे चार पायांचा रिले, म्हणजे छोट्या करंटनं दुसरी लाईन चालू-बंद करणारा स्विच. पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ वर रिव्हर्स लाईटची वायर आणि अर्थ, ३० वर बॅटरीकडून फ्यूज घालून आणलेली वायर, ८७ वरून कॅमेरा. रिव्हर्स लाईटनं आता फक्त रिलेची कॉइल ओढायची, कॅमेऱ्याला करंट सरळ बॅटरीकडून. काही नव्या गाड्यांत रिव्हर्स लाईटला करंट सलग न देता झपाट्यानं चालू-बंद करत देतात. डोळ्याला दिवा स्थिर दिसतो, पण कॅमेऱ्याचं चित्र थरथरतं. तिथे रिलेच्या आधी फिल्टरही लागतो, नाहीतर रिलेच टकटक करत बसतो.

मोठ्या बसच्या चेसिसवरची गाडी असेल तर मीटर २४ व्होल्ट दाखवेल. बारा व्होल्टचा कॅमेरा त्यावर लावला तर तो गेलाच समजा. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर हवा, किंवा दोन्हीवर चालणारा कॅमेरा.

आठवं: अर्थिंग

घरगुती कारपेक्षा मोटरहोम इथेच वेगळी पडते.

कारमध्ये जवळचा कुठलाही बोल्ट पकडा, अर्थ मिळते, कारण सगळी बॉडी लोखंडी आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. मोटरहोमची मागची भिंत फायबरची, नाहीतर प्लायवूडवर अॅल्युमिनियमचा पत्रा. आत अॅल्युमिनियमची चौकट असते; हात लावला तर धातूच. बसवणारा काळी वायर तिथे स्क्रूनं मारतो. पण ती चौकट फायबरमध्ये गोंदानं चिकटवलेली असते, चेसिसला तिचा धड संबंध नसतो.

गंमत वाटेल, पण चित्र तरीही येतं. कॅमेऱ्याचा परतीचा करंट काळ्या वायरीनं जाऊ शकत नाही, म्हणून तो व्हिडिओ केबलच्या जाळीतून स्क्रीनकडे आणि तिथून पुढच्या अर्थला जातो. जी जाळी चित्राचं रक्षण करायला असते, तिच्यातूनच करंट वाहायला लागतो, आणि मग पट्ट्या, खरखर, मधूनच काळी स्क्रीन. हे ओळखायची युक्ती अशी: चित्र चालू असताना कॅमेऱ्याची काळी वायर काढा. चित्रात काहीच फरक पडला नाही, तर ती वायर आधीपासूनच काही कामाची नसावी अशी शंका घ्या.

खात्री मीटरनं करा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं कॅमेऱ्याच्या काळ्या वायरीवर, रिव्हर्स लाईट चालू. लांब टेस्ट वायर लागेल. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्ची आहे.

दुसरा घोळ दोन बॅटऱ्यांचा. इंजिनची एक, घरातल्या दिवे-पंख्यांची दुसरी. कॅमेरा मागे, म्हणून जवळच्या घरच्या बॅटरीवरून करंट घेतलेला. स्क्रीन पुढे इंजिनच्या बॅटरीवर. दोन्हींचे निगेटिव्ह चेसिसला जिथे जोडलेत ते बोल्ट गंजलेले असले, की दोघांच्या "शून्य" व्होल्टमध्ये फरक पडतो, आणि तो फरक व्हिडिओ केबलमधून वाहतो. पंखा किंवा पाण्याचा पंप चालू केल्यावर चित्र बिघडत असेल तर हेच समजा. उपाय जोडायच्या जागा वाढवायचा नाही, कमी करायचा: कॅमेरा आणि स्क्रीन दोघांना एकाच बॅटरीवरून, एकाच जागेवरून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह द्या. निगेटिव्हसाठीही स्वतंत्र वायर पुढपर्यंत न्या, बॉडीवर विसंबू नका. हे केल्यानंतर माझ्याकडच्या बहुतेक पट्ट्यांच्या तक्रारी परत आलेल्या नाहीत.

नववं: अल्टरनेटर, इन्व्हर्टर आणि बिनवायरचे कॅमेरे

अर्थ पक्की करूनही इंजिनबरोबर पट्ट्या येत असतील तर केबलचा मार्ग बघा. व्हिडिओ केबल जाड पॉझिटिव्ह वायरीच्या किंवा इन्व्हर्टरच्या वायरींच्या झुबक्यातच बांधलेली असते. तिला वेगळ्या बाजूनं न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. इन्व्हर्टर बंद करून चित्र सुधारलं तर दोष सापडला. त्यानंतरही उरलं तर व्हिडिओसाठीचा ग्राउंड लूप आयसोलेटर (केबलमधून दोन अर्थमध्ये वाहणारा करंट अडवणारी डबी) लावा. पण तो शेवटी. कच्ची अर्थ झाकण्यासाठी तो लावला तर रोग आत राहतो.

बिनवायरच्या कॅमेऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत राहणाऱ्या मोटरहोमला घेऊ नका. त्यातले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि वायफायही तिथेच. बिल्डिंगखाली उभं राहिलं तर शंभर घरांचे राउटर वर चालू. शिवाय मध्ये पत्रा, फ्रिज, पाण्याची टाकी. मोबाईलवर चित्र दाखवणारे वायफाय कॅमेरे तर थोडं उशिरा दाखवतात. मागे मूल धावत येत असेल तर तो थोडा उशीरही फार झाला. आणि त्यांनाही करंटची वायर लागतेच. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि रिव्हर्स पडल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा तिथला नियम. आपल्याला तो लागू नाही, पण तुमचं चित्र किती वेळात येतं ते मोजायला माप म्हणून चांगला आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खाली दिलेल्यांपैकी काहीही दिसलं तर हात मागे घ्या. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. वायर हाताला गरम लागते, किंवा जळका वास येतो. वायरिंग २३० व्होल्टच्या लाईनबरोबर एकाच पाइपातून गेलंय. इन्व्हर्टर बंद असला तरी बाहेरून प्लग लावलेला असू शकतो. लिथियम बॅटरीच्या टर्मिनलवरून वायर घ्यायची वेळ आली. तिथे पाना निसटला तर ठिणगीवर भागत नाही. खांबाच्या किंवा छताच्या आतल्या अस्तराखाली पिवळा कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली. ती एअरबॅगची असते, तिला मीटरही लावायचा नाही. गाडी वॉरंटीत आहे आणि मूळ वायरिंग कापावं लागेल. टपावर चढावं लागेल आणि पाऊस आहे.

जाणकार म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियन, अॅक्सेसरीजच्या दुकानातला बसवणारा नव्हे. २३० व्होल्टचा प्रश्न असेल तर ज्यानं गाडीचं घर बांधलं त्यालाच बोलवा, कारण कुठल्या भिंतीत काय आहे ते त्याला माहीत असतं. भिंतीला नवीन भोक पाडायचं असेल तर तेही त्याच्याकडूनच. फायबरच्या भिंतीतून एकदा पाणी शिरलं की आतलं प्लायवूड कुजतं, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या अनेक पट असतो.

कॅमेरा खरंच गेला असेल तर कोणता घ्यायचा

ऑपेरा हाऊसच्या अॅक्सेसरीजच्या दुकानांत पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा निघतो. माझा क्रम उलटा आहे.

आधी जोड बघा. व्यावसायिक गाड्यांसाठीच्या संचात चार पिनांचे, फिरवून घट्ट बसणारे कनेक्टर येतात; करंट, अर्थ, चित्र आणि आवाज एकाच जाड केबलमधून. आटे फिरवले की रबरी रिंग आवळली जाते आणि मागच्या बाजूला एकही पिळ मारलेला जॉइंट राहत नाही. वर लिहिलेली निम्मी दुखणी इथेच संपतात. त्यात माइक असेल तर आणखी चांगलं, मागे उभ्या माणसाची "बास!" ऐकू येते.

मग व्होल्टेज: डब्यावर १० ते ३२ व्होल्ट असं काही लिहिलेलं असलं की बारा-चोवीसची चिंता नाही. मग पाणी. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण सर्व्हिसिंगच्या वेळी जवळून मारलेल्या जेटचा त्यात हिशेब नाही. जेटसाठीची परीक्षा वेगळी, आयपी ६९के: ८० अंश तापमानाचं पाणी, ८० ते १०० बार दाबानं, वीतभराच्याही आतून. जमलं तर हा घ्या. कुठलाही घेतलात तरी धुणाऱ्या मुलाला सांगा, कॅमेऱ्यावर थेट जेट नको.

कोन १७० अंशांचा घेऊ नका. सगळं दिसतं, पण कडा वाकतात आणि खांब आहे त्यापेक्षा लांब वाटतो. मी १२० ते १३० देतो. टपाजवळ, अडीच-पावणेतीन मीटर उंचीवर बसवा आणि खाली इतका झुकवा, की चित्राच्या तळाशी स्वतःच्या बंपरची कड दिसेल. ती कड दिसली नाही तर अंतराचा अंदाज येत नाही.

चालत्या गाडीतही मागचा रस्ता बघायचा असेल, तर एक कॅमेरा दोन्ही कामं नीट करत नाही. खाली झुकवला तर मागून येणारा ट्रक दिसत नाही. सरळ ठेवला तर बंपरपाशी काय आहे ते दिसत नाही. बोर घाटात मागे लागलेल्या गाड्या बघायच्या आणि रात्री गल्लीतही मागे घ्यायचं, तर दोन भिंगांचा कॅमेरा घ्या. रस्त्याचं भिंग चावीच्या करंटवर कायम चालू, बंपरचं भिंग रिव्हर्सवर. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं असावं लागतं, म्हणजे उजवीकडची मोटरसायकल स्क्रीनवरही उजवीकडे दिसते. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत हे एका वायरीचा छोटा फास कापून बदलतं. कोणता फास कशाचा, ते सोबतच्या कागदावर वाचून मगच कात्री लावा.

रिव्हर्स सेन्सर आहेत म्हणून कॅमेरा नको, असं म्हणणारेही भेटतात. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारना ते सक्तीचे झाले, चांगलंच झालं. पण सेन्सर बंपरच्या उंचीवर असतो. गेटवरची कमान, झाडाची फांदी, लोंबणारी केबल त्याला कळत नाही, आणि मोटरहोम वरच्या बाजूनंच जास्त घासते. दोन्ही ठेवा.

स्क्रीन सात इंची, उन्हासाठी वर छोटी टोपी असलेली. एएचडी घेत असाल तर स्क्रीन, केबल आणि कॅमेरा तिन्ही एकाच संचातले घ्या. जुन्या आरसीए केबलचे जोड मध्ये राहिले तर चांगल्या कॅमेऱ्याचंही चित्र फाटतं.

बसवून झाल्यावर पॅनल लगेच बंद करू देऊ नका. मागच्या भिंतीवर वरून पंधरा मिनिटं पाइपानं पाणी सोडा, जेटनं नाही. मग इंजिन, घरातले सगळे दिवे, पंखा, पंप, इन्व्हर्टर एकदम चालू करून रिव्हर्स टाका आणि पाच मिनिटं चित्र बघत बसा. आतल्या बाजूला केबलच्या भोकापाशी कोरडं बोट फिरवा. बोट कोरडंच राहिलं आणि चित्र हललं नाही, की मग स्क्रू मारायला सांगा.